अजिनोमोटो नव्हतं, पण मीठ?

हॉटेलात चायनीज किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी काही मागवताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "अजिनोमोटो घालू नका हं!" वेटरचं उत्तरही ठरलेलं, "नाही सर, आम्ही वापरतच नाही." पथ्य पाळल्याचं समाधान झालं, की मग बिनधास्त जेवण सुरू. माझ्याकडे येणारे ब्लडप्रेशरचे पेशंटही मोठ्या विश्वासाने हेच सांगतात, "डॉक्टर, बाहेर खाल्लं, पण बिनअजिनोमोटोचं."

गेल्या पावसाळ्यात आम्ही शनिवार-रविवार लोणावळ्याला गेलो होतो. मी, माझी पत्नी, तिचे मोठे भाऊ आणि वहिनी. दादा 68 वर्षांचे. काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला आणि तेव्हापासून हृदयाचं पंपिंग कमी. (हे सगळं त्यांच्या परवानगीनेच लिहितोय.) संध्याकाळी धो-धो पावसात एका नव्या 'एशियन' हॉटेलात शिरलो. एकाच मेनूकार्डावर जपानी रामेन, ब्रह्मदेशी खाउसुए, थाई करी आणि वाफवलेल्या बाओत भरलेलं चिली पनीर! अशा सरमिसळीला नाकं मुरडणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. ज्याला आपण चायनीज म्हणतो ते मंचुरियनसुद्धा मुंबईतच जन्मलं. 1975 च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी ते केलं असं सांगतात. जेवण खरोखर उत्तम होतं.

दादांनी रामेन मागवलं. मोठा वाडगा, गरम वाफाळतं सूप, त्यात नूडल्स, मशरूम, वर अंडं. मी म्हटलं, "दादा, नूडल्स खा, सूप राहू दे." ते हसले. "अरे, वरून मीठ मी घेतच नाही. आणि अजिनोमोटो नाहीये यात, विचारलंय मी." वहिनीही म्हणाल्या, "घरी पापड-लोणचं सगळं बंद आहे हो. एक दिवस खाऊ द्या." दादांनी वाडगा तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

आता अजिनोमोटोबद्दल. हे खरं तर एका जपानी कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. हेच ग्लुटामेट टोमॅटोत, मशरूममध्ये, चीजमध्ये आणि आईच्या दुधातही असतं. त्याची बदनामी सुरू झाली ती 1968 मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रामुळे. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यात लिहिलं होतं. पुढे लोकांना न सांगता ते देऊन तपासलं, तेव्हा जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसला नाही. काहींना त्याने डोकं दुखतं, त्यांनी ते जरूर टाळावं. पण त्यात सोडियम असतं साधारण 12 टक्के आणि आपल्या साध्या मिठात 39 टक्के. म्हणजे आपण लहान चोराला दारात अडवतो आणि मोठा आत येऊन पाटावर बसतो.

हा मोठा चोर सॉसमध्ये असतो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलीत, सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच दोन ग्रॅमहून जास्त मीठ. फिश सॉस त्याहून खारट. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसालाही दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते आणि रामेनच्या एका वाडग्यात, सूप सगळं प्यायलं तर, तेवढं सहज असतं. आंबटगोड सॉसमध्ये तर साखर आणि व्हिनेगर असल्यामुळे खारटपणा जिभेला कळतही नाही. टेबलावरच्या मीठदाणीला हात न लावण्याने यातलं काहीच कमी होत नाही.

मीठ शरीरात एकटं राहत नाही, ते पाणी धरून ठेवतं. सलाइनच्या 1 लिटरच्या बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. शरीरालाही साधारण त्याच हिशेबाने पाणी साठवावं लागतं, म्हणजे 5 ग्रॅम जादा मिठाला अर्धा लिटरहून अधिक. निरोगी माणसाला त्या रात्री तहान लागते, सकाळी अंगठी घट्ट होते आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कमजोर हृदयाला मात्र हे वाढलेलं पाणी पुढे ढकलता येत नाही. ते पायात उतरतं आणि फुप्फुसात साचतं.

रात्री दोन वाजता वहिनींनी आमचं दार वाजवलं. दादा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. आडवं झालं की खोकला आणि दम, उठून बसलं की जरा बरं. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना खाली बुडबुड्यांसारखा आवाज. लगेच गावातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑक्सिजन, शिरेतून लघवीचं इंजेक्शन. पहाटेपर्यंत दीड लिटर लघवी झाली आणि ते उशीला टेकून झोपले.

तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादा हळूच म्हणाले, "सकाळची लघवीची गोळी घेतली नव्हती. घाटात गाडी कुठे थांबवायची सारखी?"

हे मी अनेक पेशंटकडून ऐकतो, बायकांकडून जास्त. रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृहं नाहीत, त्यामुळे कारण पटण्यासारखंच आहे. पण नेमक्या ज्या दिवशी बाहेरचं खारट खायचं, त्याच दिवशी गोळी सुटते. गोळी चुकवण्याऐवजी, प्रवासाच्या दिवशी ती मुक्कामाला पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा वेळ बदलून देता येते.

आणि जेवायला जरूर जा. सूप वाडग्यातच राहू द्या, सॉस वेगळा मागून टोक बुडवण्याइतकाच घ्या, तळलेल्या भातापेक्षा साधा वाफेचा भात घ्या. हृदयाचा त्रास असेल तर रोज सकाळी लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नाही, ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन लावा.