डबा उघडण्याआधी

पाऊस ओसरला की घरोघरी रंगाचे बेत सुरू होतात आणि सगळी चर्चा शेडकार्डाभोवती फिरते. माझं मत असं, की रंगकाम टिकणार की नाही हे डबा उघडण्याआधीच ठरून गेलेलं असतं. नवा रंग चिकटतो तो भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या थराला, आणि जुन्या घरात हा थर बहुधा कच्चा असतो. चुन्यावर चुना, त्यावर डिस्टेंपर. हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते. तिच्यावर उत्तमातलं इमल्शन लावलं तरी सुकताना ते ओढ घेतं आणि खालच्या कच्च्या थरासकट सुटून येतं. त्या पोपड्यांचा दोष मग कंपनीला दिला जातो. म्हणून पत्र्याने घट्ट थर लागेपर्यंत खरडायचं, भेगा पुट्टीने भरायच्या, घासपेपर मारून धूळ पुसायची आणि मगच प्रायमर. यात मजुरीचे दिवस वाढतात, हा आक्षेप खरा आहे. पण सगळीच भिंत खरडावी लागते असं नाही. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. तिला रंग आला नाही, तर तेवढी भिंत धुऊन हलका घासपेपर मारला की पुरतं.

ओलीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. मुंबई-कोकणात दिवाळीच्या तोंडावर भिंत वरून कोरडी दिसते, आत पावसाळा मुरलेला असतो. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून २४ तास ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर आतून पाणी येतं आहे. अशा भिंतीला लोणा लागतो, रंगाला फुगे येतात. ओल अडवणारे रंग आता मिळतात, मग थांबायचं कशाला, असं विचारलं जातं. हे रंग बाहेरून लावले तर पाऊस अडवतात. खोलीच्या बाजूने लावले तर ओल भिंतीतच कोंडते आणि पुढे कुठेतरी थर उचलून बाहेर पडते. आधी गच्चीची भेग किंवा गळका पाइप दुरुस्त करावा, भिंत सुकू द्यावी. त्यासाठी दिवाळी रंगाविना गेली तरी चालेल.

सफाई मी याच कामात धरतो, कारण खरडलेला रंग निव्वळ कचरा नसतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच जास्त असू शकतं, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून वॉटरपेपरने घासावा, तोंडाला मास्क लावावा, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावं. गाद्या-पडदे आधीच बाहेर काढावेत, कपाटं आणि पंखा प्लास्टिकने झाकावेत. नंतर झाडू मारला की तीच धूळ पुन्हा उडते, तेव्हा ओल्या फडक्याने टिपून घ्यावं. मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच काढावी, म्हणजे कड फाटत नाही. ब्रश वर्तमानपत्रावर निपटून मग धुवावा, इमल्शनचा पाण्यात आणि ऑइलपेंटचा टर्पेंटाइनमध्ये. ते टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. ऑइलपेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर मोकळ्यावर, सुटी पसरून वाळवावीत. उरलेलं इमल्शन लहान, गच्च झाकणाच्या बरणीत भरून वर खोलीचं नाव आणि शेडचा नंबर लिहावा. पुढे खिळा काढल्यावर पडलेलं भोक बुजवायला वाटीभर रंग पुरतो.