मध, पाणी आणि तात्पुरता ताण

तेल आणि पाणी मिसळत नाही, त्यांच्या सीमेवर ताण असतो, हे आपण शाळेत शिकलो. मध-पाण्याचं तसं नाही. ते एकमेकांत पूर्ण विरघळतात, म्हणून ताण शून्य. पुस्तक इथे थांबतं. माझी गाडी मात्र 'विरघळतात' या क्रियापदावर अडकली. विरघळून होईपर्यंत काय? मधाची धार पाण्यात सोडली की काही वेळ तिची कड अगदी स्पष्ट दिसते की! (शनिवारी सकाळी याला दुसरे उद्योग नसतात, असं घरचं मत.)

डच गणिती कोर्टेवेग यांनी 1901 मध्येच यावर विचार केला होता. मिश्रणाचं प्रमाण जिथे एकदम बदलतं, तिथे जास्तीचा ताण तयार होतो. फरक मोठा आणि सीमेचा पट्टा अरुंद, तर ताण जास्त. पट्टा रुंदावला की तो उतरत जातो. म्हणजे मिसळण्याच्या घाईतल्या द्रवांनाही थोडा वेळ का होईना, कातडी असते.

पण मोजणार कसा? मध जड, सरळ तळाला बसतो. ग्लासात दिसणारी ती रेघ बहुतेक वजनाचीच करामत. मग वजनच नको म्हणून अंतराळ स्थानक! त्यात 2003 च्या कोलंबिया अपघातानंतर शटलची उड्डाणं बंद, नवं सामान पाठवणं मुश्कील. तेव्हा वर जे होतं त्यातच भागवलं: मध, पाणी, सिरिंज. 2004 मध्ये माइक फिंक यांनी पाण्यात मध सोडून पाहिला. ताण पुरेसा असता तर धार तुटून गोळे झाले असते. झाले नाहीत.

आमच्याकडे असं झालं की 'रिप्रोड्यूस होत नाही' लिहून तिकीट बंद! या लोकांनी मात्र त्यातून ताण जास्तीत जास्त किती असू शकेल याची मर्यादा काढली. मला हे फार आवडलं.

ज्यांनी हा प्रयोग आखला त्या जॉन पोजमन आणि सहकाऱ्यांना तो ताण पुढे जमिनीवरच सापडला, 2006 मध्ये. आयसोब्युटिरिक आम्ल आणि पाणी साधारण 26 अंशांच्या वर कोणत्याही प्रमाणात मिसळतात. त्याहून गरम, गरगर फिरणाऱ्या नळीत आम्लाचा थेंब लांबट झाला, पण कड टिकून राहिली, आणि त्याच्या आकारावरून ताण काढता आला. आता या आम्लाला खवट लोण्यासारखा वास येतो, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मधावरच भागवावं लागेल.