गळतंय कुठे?

आय.सी. इंजिनच्या पुस्तकात कूलिंग सिस्टीमला जेमतेम चार पानं असतात. निळे बाण इंजिनात शिरतात, लाल बाण बाहेर पडतात, पाच मार्कांची आकृती संपली! पण खाचरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर बाण काढलेले नसतात. तिथे असतो फक्त चिखल, आणि आपल्याकडे आशेने बघणारा मामा.

माझ्या मामाची शेती पळसदरी आणि खोपोलीच्या मधल्या पट्ट्यात. खाचरं लहान, बांध जवळजवळ. मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. म्हणून त्याने एक जुना, तीन सिलिंडरचा, वीस हॉर्सपॉवरच्या आतला ट्रॅक्टर घेतलेला. गेल्या जुलैत, ऐन चिखलणीत, तो तापायला लागला. रोज सकाळी रेडिएटरमध्ये दीड-दोन लिटर पाणी कमी! इकडे राबातलं 'कर्जत-3'चं रोप पंचवीस दिवसांचं झालेलं. कर्जतला 1919 पासून भातावर संशोधन चालतं, हे वाण तिथलंच. रोप राबात जास्त दिवस राहून जून झालं की फुटवे कमी येतात, म्हणजे भातच कमी. आवणीला माणसंही सांगून ठेवलेली.

गावातल्या मिस्त्रींनी पाहिलं, तर इंजिन सगळीकडून ओलं. म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवावं लागंल." म्हणजे तीन-चार दिवस आणि आवणीसाठी ठेवलेले पैसे, दोन्ही गेले. मामा माझ्याकडे वळला. "भाच्या, एवढी फी भरतोय तुझा बाप. बघ की जरा!"

मी म्हटलं, हेड उतरवायच्या आधी फुकटातल्या तपासण्या तरी करू. इंजिन गार असतानाच रेडिएटरची कॅप उघडली. गरम असताना ती कधीही उघडू नका. साधारण 0.9 बारची कॅप असेल तर आतलं पाणी जवळजवळ 118 अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप काढली की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येतं. दाबाच्या पाण्याची ताकद खोपोलीकरांना वेगळी सांगायला नको, 1915 पासून टाटांचं वीजघर त्यावरच चाललंय.

कॅप उघडी ठेवून इंजिन चालू केलं. गॅस्केट फाटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून सारखे बुडबुडे येतात. आले नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नव्हतं. इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला नाही. गॅस्केटवरचा संशय बराच कमी झाला.

मग इंजिन सगळीकडून ओलं का? उत्तर समोरच फिरत होतं. पंखा! रेडिएटरमधून हवा ओढून तो मागे इंजिनावर फेकतो. पुढे कुठे एक थेंब गळला तरी तो मागे हेडपर्यंत उडवतो. पाणी जिथे दिसतं तिथेच गळतंय, असं मुळीच नाही.

शिवाय चिखलणीच्या ट्रॅक्टरवर गळतीचं पाणी कुठलं आणि खाचरातलं कुठलं, कसं ओळखणार? म्हणून ट्रॅक्टर पडवीत आणून धुतला, फडक्याने कोरडा केला, खाली पुठ्ठा अंथरला. कॅप लावून चांगला तापवला आणि बंद केला. आता आत दाब होता, पण थेंब उडवायला पंखा फिरत नव्हता. मोबाइलचा टॉर्च घेऊन मी बाजूने बघत बसलो. होजच्या क्लिपा कोरड्या, रेडिएटरचे जोड कोरडे. दोन मिनिटांनी वॉटर पंपाच्या पोटाखालच्या छोट्या भोकातून एक थेंब फुगला आणि टप्पकन पुठ्ठ्यावर पडला. पाठोपाठ दुसरा. नंतर इंजिन गार झाल्यावर पंखा हाताने हलवून पाहिला, तर शाफ्टही किंचित खेळत होता.

मामा खूश. "सापडलं ना? मग एम-सील लाव आणि कर बंद!"

गंमत अशी की ते भोक बिघाड नसतो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. वॉटर पंपात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मध्ये सील. सील झिजलं की आलेलं पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये, म्हणून मध्येच त्याला बाहेरची वाट दिलेली असते. ते बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरणार, ग्रीस धुऊन जाणार आणि एक दिवस डगमगणारा पंखा रेडिएटरच फाडणार. ते भोक गळतं, म्हणजे ओरडून सांगतं की सील गेलं.

मिस्त्रींना बोलावून दाखवलं. मनाचा मोठा माणूस, जराही वाद न घालता म्हणाले, "बरं झालं, हेड वाचलं." खोपोलीहून सील आणि बेअरिंग आणलं आणि त्यांनीच दुपारपर्यंत पंप बसवला. जुन्या सीलची घासलेली कड दाखवून म्हणाले, "वर्षानुवर्षं शेतातलं गढूळ पाणी घातलंय यात. रेतीनं खाल्लं." त्यांच्या सांगण्यावरून या वेळी साध्या पाण्याऐवजी कूलंट घातलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण त्यातली गंजरोधक द्रव्यं इथेही तितकीच लागतात.

दुसऱ्या दिवशी चिखलणी झाली, तिसऱ्या दिवशी आवणीला माणसं उतरली.

आपल्या ब्रँचला नोकऱ्या कुठे आहेत, यावर हॉस्टेलमध्ये रात्र-रात्र चर्चा होते. तो प्रश्न खराच आहे. पण कर्जत-खालापुरात दर पावसाळ्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर, पंप किंवा पॉवर टिलर अडून बसतो आणि घरातलं इंजिनिअरिंगचं पोर शहरात असतं. सुट्टीत घरी जाल तेव्हा पाना उचलण्याआधी एक टॉर्च आणि एक कोरडा पुठ्ठा घ्या. आणि गळणारं भोक दिसलं, की ते बुजवण्याआधी कशासाठी ठेवलंय ते विचारा.