कुंपणापाशींचें फूल

कळमेश्वरास आमच्या अंगणांत कुंपणापाशीं पंख्यासारख्या पानांचें एक रोप उगवलें होतें. गुलाबाच्या वाफ्यास अडचण म्हणून आम्हीं तें दोनदां उपटलें. तरी जमिनींतील कंदांतून तें पुनः फुटलें, आणि पावसाळ्यांत लाल ठिपक्यांचीं नारिंगी फुलें एकेका दिवसापुरतीं उमलूं लागलीं. सुकतांना पाकळ्यांस पीळ पडे. पुढें बोंड उकलून काळ्या मण्यांसारखें बीं दिसे.

शोध करितां कळलें कीं, १७५३ सालीं लिनीअसनें ह्यास ऑर्किड समजून नांव दिलें. पुढें तें बेलामकांडा म्हणविलें गेलें, आणि २००५ सालीं त्याची गणना आयरिसांत झाली. ज्याची ओळख पटण्यास पंडितांस अडीचशें वर्षें लागलीं, त्यास आम्हीं एका दृष्टिक्षेपांत तण ठरविलें! विद्यार्थिमित्रहो, मागच्या बाकावरील मुलाकडे पाहतांना आम्हांस आतां हें फूल आठवतें.