फेथिये ते देम्रे : लाकडी बोटीवरचे चार दिवस

तुर्कस्तानला जाणारी आपली बहुतेक मंडळी इस्तंबूलच्या मशिदी आणि तोपकापी राजवाडा पाहतात, कोन्याला मौलाना रूमींच्या मजारवर फातिहा पढतात आणि परततात. आम्हीही तेवढेच ठरवले होते. पण अम्मींचे माहेर दाभोळच्या खाडीकाठचे, त्यांचे वडील नाखवा. "मशिदी बघू, पण समुद्र दाखवणार की नाही?" असे त्यांनी विचारले आणि आमच्या उन्हाळी सुटीच्या बेतात चार दिवसांचा बोटीचा प्रवास आला.

तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा भूमध्य समुद्राला भिडतो. डोंगर थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे कित्येक खाड्यांपर्यंत गाडीरस्ताच नाही. तिथे जाते ती 'गुलेत', दोन डोलकाठ्यांची रुंद लाकडी बोट. पूर्वी अशा बोटी मासे, स्पंज आणि माल वाहत. १९२५ मध्ये जेवात शाकिर या लेखकाला शिक्षा म्हणून बोद्रुम या आडगावी पाठवले गेले. तो त्या समुद्राच्या प्रेमात पडला आणि शिक्षा संपल्यावर पुन्हा तिथेच राहायला आला. मित्रांना घेऊन तो साध्या बोटींतून हा किनारा फिरू लागला. तिथून 'मावी योलजुलुक' म्हणजे 'निळा प्रवास' रूढ झाला. आज गुलेतवर शिडे असतात, पण बहुतेक वेळ बोट इंजिनावरच चालते. आमच्या बोटीवर आम्हा चौघांसह बारा प्रवासी होते, आणि कप्तान, स्वयंपाकी व एक खलाशी.

बोट फेथियेहून सुटणार होती. आदल्या दिवशी आम्ही जवळच्या कायाकोय गावी गेलो. गेलो 'दोलमुश'ने. दोलमुश म्हणजे भरलेली. आपली वडापच ती! उतरलो आणि लेक म्हणाली, "हे काय, सगळी घरं तुटलेली?" डोंगरउतारावर शेकडो दगडी घरे एकावर एक उभी. भिंती आहेत, चुली आहेत, छप्पर एकावरही नाही. दोन मोठी चर्च तशीच रिकामी. अंजिराची झाडे मात्र खोल्यांतून वर आलेली.

या गावाचे जुने नाव लेविसी. इथे ग्रीक ख्रिस्ती राहत, शेजारच्या वाड्यांत मुस्लिम. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या ग्रीक-तुर्क युद्धात हे सहजीवन मोडले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे दोन्ही सरकारांनी करार केला : तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला जातील, ग्रीसमधले मुस्लिम तुर्कस्तानात येतील. सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि ४ लाखांच्या आसपास मुस्लिम यात घर सोडून गेले. त्यातले बरेच ख्रिस्ती तर करारापूर्वीच युद्धात पळाले होते. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुस्लिम तेवढे वगळले होते. बाकी कोणालाही "तुला जायचे आहे का?" असे विचारले गेले नाही.

अम्मी एका उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बोट निघाली. ओल्युदेनिझचे निळे पाणी, फुलपाखरांची दरी आणि मग गेमिलेर बेटाच्या आडोशाला मुक्काम. बेटावर जुन्या चर्चचे अवशेष आहेत. स्वयंपाक्याने 'चोरबा' वाढला, तो आपला शोरबा. 'पेयनिर' म्हणजे पनीर. हवा 'हावा', साबण 'साबुन', दुनिया 'दुन्या'. वर्गात उर्दू आणि मराठीतले समान शब्द शोधायला लावतो, तोच खेळ इथे सुरू झाला. 'कारपुझ' आहे म्हटल्यावर आम्ही खरबुजाची वाट पाहिली आणि आले कलिंगड! खलाशी पोरगा अम्मींना 'तेयझे' म्हणजे खाला म्हणू लागला.

नमाजची चिंता होती. आपल्याकडे किबला मावळतीकडे. इथे तो आग्नेयेकडे, म्हणजे या किनाऱ्यावरून थेट उघड्या समुद्राकडे. बोट नांगरावर असली तरी वाऱ्याने फिरते, म्हणून दर वेळी होकायंत्र पाहावे लागे. गोडे पाणी मोजके होते. समुद्राचे पाणी पाक असतेच, तेव्हा शिडीवर बसून आम्ही त्याच पाण्याने वुजू केला. मुसाफिर म्हणून चार रकअतींच्या दोन झाल्या. फज्रला डेकवर चौघांची सफ, समोर फक्त पाणी. असा मुसल्ला पुन्हा मिळेल का, अल्लाहच जाणे.

पुढे 'येदी बुरुनलार' म्हणजे सात भूशिरे लागतात. दुपारी वारा चढतो, म्हणून कप्तानने पहाटेच बोट काढली. तरी लाटांनी आम्हा तिघांना आडवे केले. अम्मी मात्र कठड्याला धरून उभ्या. "आमच्या खाडीच्या तोंडाशी याहून जास्त लागतं," म्हणाल्या.

संध्याकाळी काशला पोहोचलो. गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून बसलेले प्राचीन नाट्यगृह आहे. समोर, अगदी दिसेल एवढ्या अंतरावर, मेइस बेट. ते ग्रीसचे. रात्री तिथले दिवे लागले. कप्तान म्हणाला, "त्या धक्क्यावर उस्मानी काळातली मशीद आहे, आता तिचे संग्रहालय झाले." मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने स्वतःचे सांगितले. तो बोद्रुमचा. त्याच्या वडिलांची आई क्रीट बेटावरची मुस्लिम. १९२४ मध्ये आठ वर्षांची असताना बोटीने या काठावर उतरली. कलमा येत होता, नमाज येत होती. तुर्की मात्र येत नव्हती. घरी सगळे ग्रीक बोलत. तिकडे त्यांना 'तुर्क' म्हणत, इकडे 'अर्धे काफिर' म्हणू लागले. मरेपर्यंत तिने नातवंडांना ग्रीक अंगाईच गायली, पण दार लावून.

दुसऱ्या बाजूलाही हेच झाले. अनातोलियाच्या आतल्या भागात तुर्की बोलणारे ख्रिस्ती होते. त्यांना ग्रीसला पाठवले, तेव्हा त्यांना तिथली भाषा येत नव्हती.

कप्तानने लेकीला विचारले, "तुम्ही आपसांत बोलता ती उर्दू का?" ती म्हणाली, "कधी उर्दू, पण आता बोलत होतो ती मराठी." तो म्हणाला, "मुसलमानांची वेगळी भाषा?" ती हसली, "नाही, सगळ्यांची."

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. शाळेत, प्रवासात "तुम्ही मराठी छान बोलता हं" असे कौतुक ऐकतो, एखाद्या लग्नात आपलेच लोक "मुलीला उर्दू नीट येत नाही वाटतं?" म्हणतात. दोन्हीकडे आम्ही हसून वेळ मारून नेतो. त्या रात्री ते हसू आठवले.

तेव्हा अम्मी बोलल्या. त्यांचे एक चुलते फाळणीनंतर कराचीला गेले. तिकडून त्यांची पत्रे येत, ती मराठीत. गावच्या मराठी शाळेत शिकले होते, दुसरे लिहिता येत नव्हते. अम्मी लहानपणी ती पत्रे आजीला वाचून दाखवत. "कराचीच्या टपालात मराठी अक्षरं बघून पोस्टमन हसायचा," त्या म्हणाल्या. आम्ही हे इंग्रजीत कप्तानला सांगितले. तो काही न बोलता उठला आणि अम्मींसाठी चहा घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी केकोवा. दुसऱ्या शतकातल्या भूकंपात इथला किनारा खचला आणि वस्तीचा काही भाग पाण्याखाली गेला. बोट हळू जाते तेव्हा खाली भिंती आणि समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. तिथे पोहायला बंदी आहे. समोरच्या सिमेना गावात किल्ला आहे आणि पाण्यात अर्धी बुडालेली प्राचीन दगडी शवपेटी. लेकीने विचारले, "हे गाव भूकंपाने गेलं. आणि परवाचं?" आम्ही म्हणालो, "ते सह्यांनी." कुरआन आपल्याला पृथ्वीवर फिरून आधीच्या वस्त्यांचे काय झाले ते पाहायला सांगतो. आजवर आम्ही तो उपदेश आद आणि समूदच्या गोष्टींपुरताच वाचला होता.

चौथ्या दिवशी देम्रेला उतरलो. जाणाऱ्यांसाठी थोडे : मे किंवा सप्टेंबर बरा, जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी फार. आरक्षणापूर्वीच जेवणाबद्दल आणि बोटीवर मद्य चालते का हे स्पष्ट विचारावे. कुटुंबासाठी वेगळी बोट मिळाली तर उत्तम. उलटीची गोळी आणि होकायंत्र जवळ ठेवावे. आणि बोटीत बसण्याआधी अर्धा दिवस कायाकोयला द्यावा. तो चुकवू नये.

घरी आल्यावर अम्मींनी जुनी पत्र्याची पेटी उघडली. चुलत्यांची दोन पत्रे शिल्लक होती. लेकीने मोठ्याने वाचून दाखवली. एकात सलाम, सगळ्यांची खुशाली आणि शेवटी भावाला एवढेच लिहिले होते, की पावसाळ्याआधी घर शाकारून घ्या, मागच्या पडवीची कौले दर वर्षी सरकतात.