खापरपणजोबांच्या मागावर : लेखांक दुसरा

मंगळवार, नाशिक. रात्री.
मोटार दीड तास उशिरा. टांगा 10 आणे, हमाल 4 आणे, धर्मशाळेच्या रखवालदारास 8 आणे, जेवण 1 रुपया, चहा (अत्यंत वाईट) 2 आणे. उपाध्ये यजमानांबरोबर त्र्यंबकास गेलेले. उद्या सकाळी यावे, असा निरोप. ढेकूण आहेत. गुडघा दुखतो. आज अधिक काही नाही.

बुधवार, नाशिक.
गेल्या लेखांकात सांगितलेच आहे की, आमच्या छापील कुलवृत्तांताप्रमाणे खापरपणजोबा हे पेशव्यांच्या पदरी मोठे शिलेदार होते आणि 20 फेब्रुवारी 1818 रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या शेजारी लढता लढता पडले. ज्या पिढीने हे प्रथम सांगितले तिला पुरावा मागणारा कोणी भेटला नाही आणि ज्या पिढीने ते छापले तिला तो मागावासा वाटला नाही, अशा रीतीने ही वीरकथा आमच्यापर्यंत सुखरूप येऊन पोहोचली.

आमच्या घराण्याचे उपाध्ये सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याने अधू, परंतु स्मरण असे की, आडनाव आणि मूळ गाव सांगताच त्यांनी माळ्यावरच्या पंधरा-वीस चोपड्यांतून नेमकी एक उतरवली. माझी सही 1931 ची, वडिलांची त्याआधीची, आजोबांची त्याहून जुनी, असे एकेक पान उलटत ते मागे मागे गेले आणि एका पिवळ्या पानावर बोट ठेवून थांबले. शके 1746, म्हणजे इसवी सन 1824. स्वहस्ताची मोडी, बोरूचा ठसठशीत फाटा, ओळ एकदाही तिरपी गेलेली नाही. मातोश्रींच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आल्याचा लेख होता आणि खाली नाव खापरपणजोबांचे होते.

“अहो, पण ते तर सहा वर्षांपूर्वीच आष्टीला पडले,” मी म्हणालो.

“यजमान,” म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, “ते पडले असतील तर येथे स्नान करून लिहून कोण गेले, एवढे शोधून मला कळवा.”

श्राद्धात पितृत्रयीबरोबर मातृत्रयीचाही उच्चार करावा लागत असल्यामुळे या चोपड्यांत आई, आजी, पणजी यांची नावे यथासांग उतरलेली असतात. आमच्या कुलवृत्तांतात मात्र त्या स्त्रियांच्या जागी एक आडवी रेघ आहे. चार पिढ्यांच्या स्त्रियांची नावे, खापरपणजोबांच्या दोन्ही पत्नींसह, मी आज उतरवून घेतली. घराण्याचा इतिहास लिहिण्याचा अभिमान बाळगणाऱ्या पाचही संपादकांना ती सापडली नाहीत, कारण नाशिकला येऊन ती कोणी विचारलीच नव्हती. खापरपणजोबांच्या 1824 च्या लेखात पुत्रांच्या जागी काही लिहिलेले नाही. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या घरात असावे; मग आम्ही कोठून आलो, हा विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला.

दक्षिणा 5 रुपये. चहा पुन्हा वाईट.

गुरुवार, प्रवासात.
भाडे 6 रु. 2 आ. संगमनेरच्या अलीकडे चाक बसले. सव्वा तास खोळंबा. नारायणगावास गाडी थांबली तेव्हा जुन्नरची वाट दिसली. आमचे मूळ गाव त्याच बाजूस आहे, परंतु आधी कागद पाहावेत आणि मग जमीन, असा क्रम ठरवला आहे. पुण्यात रात्री नऊ. जेवण नाही, केळी 3 आणे. गुडघा.

शुक्रवार, पुणे.
पेशवे दप्तराची ती दगडी इमारत 1891 मध्ये उभी राहिली, आणि आत तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत, हे ऐकून माहीत होते. परंतु छतापर्यंत गेलेल्या घोड्यांवर गाठी मारून ठेवलेली ती गाठोडी डोळ्यांनी पाहिल्यावर माणसाचा उत्साह निम्मा होतो. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास यांपैकी कशात तरी आपला माणूस सापडेल, ही माझी अपेक्षा तेथील एका वयोवृद्ध वाचकाने पाच मिनिटांत निकालात काढली. नाना फडणिसांच्या काळापर्यंत हुजूर दप्तराचे काम चोख. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला आरंभ केल्यावर हिशेबाची निकड उरली नाही, दप्तराकडे दुर्लक्ष झाले, कित्येक कागद तर लोकांनी घरी नेले. खापरपणजोबांची चाकरी पडते ती नेमकी याच अंदाधुंदीत. “इनाम कमिशनचे कागद पाहा,” ते म्हणाले, “सरकार जमीन काढून घेऊ लागले की माणसे खरे लिहितात.” हे शेवटचे विधान मला अतिशय वादग्रस्त वाटते, पण सल्ला घेतला. अर्ज, स्टँप, टांगा मिळून 1 रु. 6 आ.

शनिवार, पुणे.
आज कुलवृत्तांताच्या संपादकांपैकी एक, म्हणजे माझे थोरले चुलतबंधू, यांच्याकडे जेवण. वहिनींनी अळूचे फतफते, वालाची उसळ, साखरभात आणि घरच्या लोणकढ्या तुपाची धार असा बेत केला होता, आणि नाशिकच्या खानावळीनंतर तो बेत मला साक्षात कृपाप्रसाद वाटला. साखरभातापर्यंत सर्व सुरळीत होते. ताक आले तेव्हा मी 1824 चा लेख काढला.

“उपाध्यांची लबाडी!” दादा म्हणाले. “दक्षिणेसाठी ते हवे ते दाखवतात.”

“पण अक्षर, दादा?”

“अक्षर कोणाचेही असते. तू आता म्हातारपणी घराण्याला बट्टा लावायला निघाला आहेस का?”

वहिनी वाढता वाढता थांबल्या आणि त्यांनी एवढेच विचारले की, दोन्ही सासवांची नावे काय होती? मी सांगितली. त्यांनी ती पंचांगाच्या कडेवर लिहून ठेवली. दादांनी हात धुतले आणि ते वामकुक्षीस गेले.

रविवार.
दप्तर बंद. धोबी 6 आणे. चहा बरा.

सोमवार, पुणे.
सापडले. रुमालात जुन्नर प्रांताचे कागद आहेत. त्यांत 1855 सालची एक कैफियत आहे. ती माझ्या पणजोबांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इनाम कमिशनपुढे लिहून दिलेली आहे. तिच्यावरून असे दिसते की, खापरपणजोबा शिलेदार नव्हते, नाणेघाटाच्या वाटेवरील जकातीकडे ते कारकून होते. कोकणातून घाट चढून येणाऱ्या बैलांच्या पाठींवर किती गोण्या आहेत, हे मोजणे हा त्यांचा पराक्रम. इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर ते फौजेबरोबर कोठीचा हिशेब ठेवण्यास गेले खरे, परंतु 11 फेब्रुवारी 1818 रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात, बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, म्हणजे वतने, इनामे, वर्षासने पूर्ववत चालतील, असे वचन होते. ते ऐकताच हे गृहस्थ मुदतीच्या पुष्कळ आधी घरी येऊन बसले. आष्टीची लढाई झाली त्या दिवशी ते आपल्या ओसरीवर असावेत. म्हणूनच बारा बिघे इनाम जमीन टिकली, आणि ते आष्टीला पडले असते तर सांगायला कीर्ती उरली असती व खायला काही नाही. मला हा मनुष्य कुलवृत्तांतातल्या शिलेदारापेक्षा शतपटीने अधिक आवडला. मोजायला शिकलेला माणूस आपला जीवही मोजूनच खर्चणार.

पुढे वाचताना मात्र मी बराच वेळ थांबलो. कैफियत देणारे पणजोबा स्वतःस ‘दत्तपुत्र’ म्हणवतात. 1830 च्या सुमारास सातव्या वर्षी त्यांना दत्तक घेतले. दत्तविधान यथाशास्त्र झाले, पण सरकारची मंजुरी घेतली नव्हती, आणि याच एका कारणावरून पुढे जमिनीवर पूर्ण सारा बसला. आजोबा शाळामास्तर झाले ते विद्येच्या ओढीने, असे आम्हांस सांगण्यात येई. ते साऱ्याच्या ओझ्याने झाले. जनक पित्याचे नाव येते तेथे कागदाला कसर लागली आहे. गोत्र आमचेच. तालुका वाचता येतो : खेड.

दादांना नक्कल पाठवणार आहे. रजिस्टर्ड.

बुधवार, जुन्नर.
कुकडीच्या काठची जमीन पाहिली. तिच्यावर कांदा आहे. कसणाऱ्या पाटलांनी चहा दिला, हुरडा दिला आणि जकातीची गोष्ट ऐकून मला घाटमाथ्यावरचा दगडी रांजण दाखवायला न्यायचे ठरवले. त्यात जकातीचे पैसे टाकीत असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. गुडघ्यामुळे गेलो नाही.

घराण्याचे नाव येथे देत नाही, कारण भावकीचा निकाल व्हायचा आहे. ते या अंकाच्या संपादकांपाशी आहे. खेड तालुक्यातील ज्या घरी 1830 च्या आगेमागे सात वर्षांचा मुलगा जुन्नरकडे दत्तक दिल्याचे टाचण, यादी किंवा जमाखर्चातील बाब असेल, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर लिहावे. मूळ कागद टपालात घालू नये, नक्कल पुरे. नक्कल करणारा मिळत नसेल तर तसे कळवावे, मी स्वतः येईन.