वाटेवरली दोन गावे

मुंबई-ठाण्याचा मनुष्य आयुष्यात पन्नास वेळा पेणवरून जातो. पण पेणला म्हणून एकदाही जात नाही. त्याला जायचे असते महाडला, चिपळूणला, नाही तर गोव्याला. पेण आले की तो घड्याळाकडे पाहतो, वडखळ आले की पोह्यांचे पापड घेतो आणि पुन्हा घड्याळाकडे पाहतो. रोह्याचे नशीब तर याहून कठीण. ते हमरस्त्यापासून आत. कोकण रेल्वेची ७४१ किलोमीटर लांबी रोह्यापासून मोजतात खरी. पण गाडी रोह्यातून पुढे निघते तेव्हा उतारू बहुधा जेवणाचा डबा उघडून बसलेला असतो.

माझा मात्र या दोन गावांशी जुना ऋणानुबंध आहे. आमचा गणपती पेणचा आणि मामा रोह्याकडचे. दरसाल श्रावणात मी पेणला जाऊन मूर्ती ठरवतो आणि तसाच पुढे मामांकडे दोन दिवस राहून येतो. यंदा चिरंजीव म्हणाले, "बाबा, मोटार काढू." त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी आपला जुना आक्षेप पुन्हा नोंदवला. मराठीचा अध्यापक गाडी चालवताना रस्त्याकडे न पाहता उपमा शोधत असतो, हा तो आक्षेप. शेवटी दिव्याहून आगगाडीने पेण आणि तिथून एस.टी.ने रोहे असा बेत ठरला. हा बेत ठरला म्हणूनच हा लेख लिहिता आला. मोटारीने गेलो असतो तर मीही घड्याळच पाहिले असते.

पेणच्या कारखान्यात शिरले की आधी डोळे दिपतात. फळ्यांवर ओळीने बसलेले शेकडो गणपती, कुणाला अजून सोंड नाही, कुणाला डोळे नाहीत. २०२३ साली इथल्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले. इथले गणपती समुद्रापार जातात. मी आमच्या कारागिराला सहज विचारले, "परदेशी मूर्ती पाठवायची म्हणजे मोठी जोखीम असेल?"

तो रंगाची कुंचली न थांबवता म्हणाला, "साहेब, परदेशाची भीती नाही. बोटीवर चढला की देव सुखरूप. भीती आहे ती इथून बोटीपर्यंतची. रस्ता कसा आहे हे तुम्ही माणसांना विचारता. माणसे सवयीने गप्प बसतात. आमच्या मालाला विचारा. तो बोलत नाही, पण मोडतो."

रस्त्याची इतकी अचूक कसोटी मी कुठल्याही अहवालात वाचलेली नाही. ज्या रस्त्यावरून मातीचा गणपती न दुखावता जाईल, तो रस्ता चांगला!

पेणच्या रामवाडीला एस.टी.च्या रायगड विभागाचे मुख्य ठाणे आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून महाराष्ट्रात गाव म्हणजे काय, याची एक सोपी व्याख्या झाली आहे : जिथे एस.टी. थांबते ते गाव. आमच्या गाडीत निम्म्याहून अधिक बायका होत्या. मार्च २०२३ पासून त्यांना अर्धे तिकीट झाले. शेजारच्या बाकावरच्या आजीबाई त्याचे मर्म सांगत होत्या, "पहिल्यांदा दवाखान्याला जायचे तर मुलाला पैसे मागावे लागत. आता मी सांगते, जाते आहे." पासवाल्या शाळकरी मुली मध्येच चढत, मध्येच उतरत. गाडी म्हणजे एक फिरती शाळा, फिरता बाजार आणि फिरते माहेर होते.

वडखळ मागे पडले, नागोठणे आले. गावाबाहेर एक जुना दगडी पूल आहे. सोळाव्या शतकात चौलच्या काझी अल्लाउद्दीनाने तो बांधला, असे जुने कुलाबा गॅझेटियर सांगते. पूल अरुंद. तो बांधला तो पायी माणसांसाठी आणि लमाणांच्या बैलांसाठी. पण चारशे वर्षांचे पावसाळे त्याच्या कमानींखालून वाहून गेले. आणि ज्या मुंबई-गोवा रस्त्याने आम्ही इथवर आलो, त्याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, ते दहा वर्षे उलटली तरी पुरे झाले नव्हते! काझीसाहेबांना हसू आले असेल.

भिसे खिंड ओलांडून गाडी रोह्याला उतरली. पावसाने कुंडलिका दुथडी भरलेली. एका तीरावर रोहे, दुसऱ्यावर अष्टमी आणि दोघांची नगरपालिका एक. चिंतामणराव देशमुखांचे हे गाव. धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्यात पोलीस सशस्त्र मानवंदना देतात ते हे गाव. मामांचे घर इथून पाच-सहा किलोमीटरांवर, कोलाडच्या वाटेला, धाटावच्या कारखान्यांच्या पलीकडे एका वाडीत.

मामांनी तीस वर्षे धाटावला नोकरी केली ती सायकलवरून. आईने लहानपणी आम्हाला वेळ शिकवली ती घड्याळावरून नव्हे, मामांच्या घंटीवरून. यंदा पाहतो तो सायकल पडवीत आढ्याला टांगलेली आणि मामांच्या हातात काठी. दोन पावसाळ्यांपूर्वी पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात चाक गेले आणि मांडीचे हाड मोडले.

"खड्डा कुणाचा, ते विचारायला गेलो," मामा सांगू लागले, "तर एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवले, दुसरीने तिसरीकडे. तोवर दिवाळी आली, खड्डा बुजवला. माझे हाड काही अजून नीट सांधत नाही."

घरात एक तंटा चालू होता. मामांची नात यंदा अकरावीत, रोह्याच्या कॉलेजात. सकाळची गाडी तिला मिळते. पण प्रयोगाचे तास आणि परतीची गाडी यांचे जमत नाही. तिला आजोबांची सायकल हवी होती. मामांची तयारी होती, तिच्या बापाची नव्हती. मामी म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस बाबा, तूच काय ते सांग."

शिकलेल्या माणसाने मत देण्याआधी निदान पाहून यावे, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल खाली उतरवून घेतली आणि रोह्यापर्यंत जाऊन आलो. जाताना पाऊस नव्हता, येताना होता. मोटारीतून दिसत नाहीत अशा कितीतरी गोष्टी सायकलवरून दिसतात. डांबर संपते तिथे साइडपट्टी म्हणून जी काही असते ती चिखलात बुडालेली. मागून टँकर आला की उतरायला जागा नाही. गटार गवताने तुंबलेले, म्हणून पाणी रस्त्यावर. मामा म्हणतात तेच खरे : डांबराचा वैरी टँकर नव्हे, साचलेले पाणी. ते फटीतून आत मुरते, खालची खडी सुटते आणि मग चाके उरलेले काम करतात. आणि या वाटेवर मी एकटा नव्हतो! पाळीवर निघालेले कामगार, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, दप्तरे सांभाळणारी पोरे. रस्ता खरा वापरत होती ती ही माणसे आणि रस्ता आखला होता तो त्यांना विसरून.

आमच्याकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, त्याला कोण काय करणार, असे म्हणायची रीत आहे. फिनलंडात औलू नावाचे शहर आहे, उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही. तिथे कित्येक महिने जमिनीवर बर्फ असतो. तरी तिथली पोरे थंडीतही सायकलने शाळेत जातात. कारण त्यांच्यासाठी मोटाररस्त्यापासून वेगळ्या वाटा शेकडो किलोमीटर आखल्या आहेत आणि त्यांवरचा बर्फ वेळेवर दूर करतात. तिथले लोक बर्फावर रागावत बसले नाहीत. ते झाडू घेऊन आले. आपला पाऊस हाच आपला बर्फ. मृग लागण्याआधी गटारे आणि मोऱ्या मोकळ्या करणे, कारखान्यांच्या आणि शाळांच्या वाटेला चार-पाच फुटांची उंच, पक्की पट्टी पायी व सायकलवाल्यांसाठी राखणे, थांब्याला छप्पर आणि दिवा देणे आणि गाड्यांच्या वेळा शाळा-कॉलेजे व आगगाडी यांच्याशी जुळवणे, यात आकाशाला गवसणी घालण्यासारखे काय आहे?

मनात आणले तर होते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे, जरी तो आठवला की अंगावर काटा येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि उतारूंसकट दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला. शहाणपण होते, पैसा होता, माणसे होती. फक्त त्यांना जागे करायला आधी एवढी आहुती लागली.

परतताना मला विनोबा आठवले. त्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९५१ पासून तेरा वर्षे हा माणूस देशभर पायी हिंडला. पायी चालणाऱ्याचा एवढा मोठा वारसा ज्या तालुक्याला आहे, तिथे तरी पायी चालणाऱ्याला रस्त्याची एक कड मिळू नये?

घरी आलो तेव्हा सारे पडवीत वाट पाहत होते. मामांनी विचारले, "काय रे, देऊ का हिला सायकल?"

वर्गात पाऊण तास अखंड बोलणारा मी. पण या एका प्रश्नाला मला उत्तर आले नाही. हो म्हणावे तर तो टँकर डोळ्यांपुढे येई. नाही म्हणावे तर ती मुलगी समोर उभी होती.

उत्तर तिनेच दिले. "आजोबा, यंदा मी गाडीनेच जाईन. प्रयोगाच्या दिवशी मैत्रिणीकडे थांबेन. पण सायकल विकायची नाही हं. आणि गाड्यांच्या वेळेचा अर्ज मी लिहिला आहे, काका, तेवढे शुद्धलेखन तपासून द्या."

अर्ज मी तपासला. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. बाकी त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. खाली वाडीतल्या सतरा मुलींच्या सह्या होत्या. मी निघालो तेव्हा मामा काठी बाजूला ठेवून, खाली बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसून, सायकलच्या साखळीला तेल देत होते.